देवावर श्रद्धा आहे आणि विज्ञानही पटतं, मग घरात दोन्ही कसं सांभाळायचं

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि घरी रोज तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावते, दोन्ही मनापासून. ह्या दोन गोष्टी एकत्र कशा जमतात असं विचारणारे लोक सोलापुरात मला सारखे भेटतात, त्यात पालक असतात, आठवी-नववीची पोरं असतात, कधी कधी नवीन लग्न होऊन आलेल्या मुली असतात ज्यांनी माहेरी एक ऐकलेलं असतंय आणि सासरी दुसरंच. म्हणून मी घरात काय बोलते, कुठं गप्प बसते आणि कुठं अजिबात गप्प बसत नाही ते जरा सविस्तर लिहिते. ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांनाही ह्यातलं बरंच कामाला येईल, कारण घरात आई-अप्पा, आजी-अव्वा असतातच की ओ, आणि त्यांच्याशी रोज बोलावं लागतंय.

आधी वाक्य नीट ऐकायचं

बहुतेक भांडणं का होतात सांगू का, समोरचा एक बोलतो आणि आपण दुसऱ्याच गोष्टीला उत्तर देतो. गड्ड्याच्या दिवसात, म्हणजे संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, कानावर पडणारी ही चार वाक्यं घ्या. "सिद्धरामेश्वर माझ्या पाठीशी आहेत." "सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना सोबत घेऊन हा तलाव बांधला." "तलावाचं पाणी अंगाला लावलं की खरूज जाते." "संमती कट्ट्यावर सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम सुरू झालं आणि अक्षता पडल्या की अंगावर काटा येतो."

चारही वाक्यं भक्ताचीच आहेत पण चौघांची चौकशी चार ठिकाणी करावी लागते. तलाव कोणी आणि कधी बांधला हा इतिहासाचा विषय, त्याला शिलालेख, वचनं, जुनं बांधकाम बघणारे अभ्यासक आहेत. खरजेचं वाक्य सरळ डॉक्टरकडे जातं, खरूज एका बारीक किड्यामुळं होते, तो कातडीत बीळ करून राहतो, त्याला परमेथ्रिनचं मलम लागतंय आणि तेही घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं, नाहीतर एकाची गेली की दुसऱ्याकडून परत येते. अंगावर काटा येतो हे त्या माणसाचं स्वतःचं आहे, ते खोटं कसं म्हणणार? आणि पहिलं वाक्य, "पाठीशी आहेत", हे त्याचं जगण्याचं बळ आहे, ते तपासायला कुठली लॅब नाही आणि तपासायची गरजही नाही.

हे ओळखायला मी एकच प्रश्न वापरते आणि वर्गातही तोच शिकवते: हे जर चुकीचं असेल तर आपल्याला कळणार कसं? ज्या वाक्यावर ह्याचं उत्तर देता येतं ते तपासायला घ्यायचं, मग ते कोणाच्याही तोंडून आलेलं असो, महाराजांच्या, प्रोफेसरच्या किंवा माझ्या. ज्याच्यावर देता येत नाही त्याच्याशी भांडायचंच नाही. घरात हा प्रश्न आवाज चढवून विचारू नका, कुतूहलानं विचारा, म्हणजे आजीसुद्धा विचार करायला लागते, मी बघितलंय.

एक अडचण येते ती आधीच सांगते. काही वाक्यं तपासायला घेतली की रंग बदलतात. "हा अंगारा लावला की ताप जातो" म्हणणाऱ्याला ताप गेला नाही हे दाखवलं की तो म्हणतो तुमची श्रद्धा कमी पडली. आता हे वाक्य कधीच चुकू शकत नाही, आणि जे कधीच चुकू शकत नाही त्याच्यावर औषध बंद करायचं नाही, एवढं धरून ठेवा.

गच्चीवर काठी उभी करा, संक्रांत आणि उत्तरायण दोन्ही समजतील

पोरांना हा प्रयोग फार आवडतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही, म्हणून हा जरा खोलात लिहिते.

एक मीटरची सरळ काठी घ्या, गच्चीवर सपाट जागी उभी करा, ओळंबा लावून ती खरंच सरळ आहे का बघा, वाळूच्या डब्यात रोवली तरी चालते पण मग काठीची उंची वाळूच्या वरची मोजायची आणि सावलीही त्याच पातळीवर पडायला पाहिजे. २२ डिसेंबरला दुपारी १२ वाजून १० मिनिटांपासून पाऊण-एक पर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करा. सगळ्यात आखूड सावली १२ ला पडत नाही, सोलापुरात ती १२ वाजून २० मिनिटांच्या पुढं पडते, कारण आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या (जुनं अलाहाबाद) रेखावृत्तावर चालतं आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. ती आखूड सावली मोजा, साधारण ८७ सेंटीमीटर भरेल. आता हेच १४ जानेवारीला परत करा, ह्या वेळी आखूड सावली साडेबाराच्याही पुढं येते. माप येईल ८१ च्या आसपास.

म्हणजे काय झालं? सावली लहान झाली, सूर्य वर सरकला, उत्तरायण डिसेंबरमध्येच सुरू झालेलं होतं. मग १४ जानेवारीला काय असतं? मकर संक्रांत, सूर्य मकर राशीत जातो, आणि राशी म्हणजे ताऱ्यांचा पट्टा. एक गणित सूर्याच्या उंचीवर चालतं आणि एक ताऱ्यांच्या हिशोबानं. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत होतं, पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, एक फेरा पूर्ण व्हायला जवळपास २६ हजार वर्षं, त्यामुळं संक्रांत दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एकेक दिवस पुढं जाते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आता ती १४ किंवा १५ ला येते. टिळक पंचांगात राशी मोजायची सुरुवात वेगळ्या ताऱ्यापासून धरतात म्हणून त्यांची संक्रांत १० जानेवारीला असते.

हे सगळं मी घरात सांगितलं तेव्हा कोणालाच वाईट वाटलं नाही, उलट सासरे म्हणाले की हे पंचांगातच असतंय की, सायन (सूर्याच्या उंचीवरचं) आणि निरयन (ताऱ्यांच्या हिशोबाचं). बरोबर आहे. पंचांग म्हणजे आकाशाचं गणितच आहे, तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून दर १२ अंश पुढं गेल्याचा हिशोब, आणि आपल्या सोलापूरला तर त्याचा अभिमान वाटायला पाहिजे, दाते पंचांग शंभर वर्षांहून जास्त काळ आपल्याच गावातून निघतंय. संक्रांत यंदा अशुभ आहे, एकच मुलगा असेल तर अमुक करा असले मेसेज दर जानेवारीत फिरतात तेव्हा संक्रांत अशुभ नसते हे पंचांगकर्तेच पेपरात सांगतात. म्हणून असा मेसेज आला तर मी विज्ञानाचं पुस्तक काढत नाही, पंचांगकर्त्यांचंच म्हणणं दाखवते. समोरच्याचा ज्याच्यावर विश्वास आहे तिथूनच खरं सापडत असेल तर तिथूनच द्यावं, लवकर पटतं.

आणि सावली ८१ भरली म्हणून यात्रेतले नंदीध्वज, त्या मानाच्या उंच काठ्या, खोटे होतात का? भोगीला अक्षता, संक्रांतीला होम, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणणारी गर्दी, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी झालेल्या कुंभारकन्येच्या लग्नाची ती गोष्ट, ह्यातलं काहीच त्या सहा सेंटीमीटरवर उभं नाही. पोरांना हे दोन्ही एकाच महिन्यात दाखवा, दुपारी काठी आणि संध्याकाळी गड्डा. मे महिन्यात १०-११ तारखेच्या आसपास हीच काठी परत उभी करा, दुपारी १२ वाजून २२-२३ मिनिटांनी सावली जवळजवळ गायब होते, ऊन मात्र सोलापूरचं आहे, टोपी घालून आणि पाणी घेऊन जा.

पाऊस कशानं पडला हे विचारायची रीत

आपल्याकडं पाऊस हा विषय श्रद्धेचाही आहे आणि विज्ञानाचाही, आणि सोलापूरवर तर ह्याचा मोठा प्रयोगच झालाय. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, ढग येतात आणि न बरसता निघून जातात, म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथल्या ढगांवर कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. विमान ढगाच्या तळाशी न्यायचं आणि पंखाला लावलेल्या कॅल्शियम क्लोराईडच्या नळकांड्या पेटवायच्या, त्याचे कण पाणी ओढून घेतात, थेंब मोठे होतात.

पण माझ्या मते ह्या प्रयोगातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट विमान नाही. त्यांनी पावणेतीनशेच्या आसपास ढग निवडले आणि कुठल्यात नळकांडी पेटवायची, कुठल्यात नाही हे स्वतःच्या मनानं ठरवलं नाही, ते नशिबावर सोडलं. मग दोन्ही गटांचा पाऊस मोजून तुलना केली. ठराविक भागात साधारण १८ टक्के जास्त पाऊस भरला असं निघालं. आणि त्याच शास्त्रज्ञांनी हेही सांगितलं की योग्य ढगच नसतील तर काही होत नाही.

आता "धोंडी धोंडी पाणी दे" बघा. पोराच्या अंगाला लिंबाचा पाला बांधून घरोघर फिरवतात, बाया त्याच्यावर तांब्याभर पाणी ओततात. ह्याच्यावर हसू नका. दुष्काळात गाव एकत्र येतंय, एकमेकांच्या दारात जातंय, आभाळाकडं मागणं मागतंय. पण कोणी म्हणालं की पाऊस त्यामुळंच पडला, तर शांतपणे विचारा, धोंडी कधी काढतात? पाऊस लांबला की. आणि लांबलेला पाऊस बहुतेक वर्षी आज ना उद्या येतोच. मग ज्या गावांनी काढली नाही तिथं त्याच आठवड्यात पाऊस पडला का नाही? हे कोणी लिहून ठेवलंय? एवढं एक विचारलं तरी पोरांना तुलना म्हणजे काय ते कळतंय, कारण आपला मेंदू पडलेला पाऊस लक्षात ठेवतो आणि न पडलेला विसरतो.

पत्रिकेचंही तसंच. जयंत नारळीकरांनी पुण्यात अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) लोकांना सोबत घेऊन ही चाचणी केली होती, हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका गोळा केल्या, मिसळल्या आणि त्यातल्या काही काही ज्योतिषांना पाठवल्या, ही मुलगी-मुलगा कुठल्या गटातला ते फक्त सांगा म्हणून. २७ ज्योतिषांची उत्तरं आली, बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं तरी ५० येतात. लग्न जुळवताना पत्रिकेवरून मुलगी नाकारायची वेळ आली की मी हे घरात सांगते, दर वेळी सांगते, तिथं एका पोरीचं आयुष्य आहे म्हणून.

"नासानेही मान्य केलं" आलं की

फॅमिली ग्रुपवर हे रोजचं आहे. शनीच्या तिरुनल्लारच्या देवळावरून जाताना उपग्रह तीन सेकंद थांबतो, सूर्यातून ओंकार ऐकू येतो, आज रात्री साडेबाराला कॉस्मिक किरणं येणार फोन बंद ठेवा. तपासायची पद्धत सोपी आहे, नासाचं नाव असेल तर नासाच्या वेबसाईटवर ते आहे का बघायचं, शास्त्रज्ञाचं नाव नाही, तारीख नाही, "पुढं पाठवा" आहे असं असलं की जवळपास खात्रीनं खोटं. आणि थोडं गणित: पृथ्वीजवळून फिरणारा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर जातो, त्या वेगावरच तो वर टिकून असतो. थांबला तर पडेल.

ग्रुपवर सगळ्यांसमोर "खोटं आहे" असं टाकू नका. काकांना वेगळा मेसेज करा किंवा फोन करा. चारचौघात कोणालाही मागं येता येत नाही.

पण माझी खरी तळमळ दुसरीच आहे. हे मेसेज पाठवणाऱ्यांना वाटतं आपण धर्माची सेवा करायलाव. मला वाटतं त्यानं श्रद्धेचंच नुकसान होतं. शनीला तेल वाहणाऱ्या माणसाला नासाचं सर्टिफिकेट कशाला पाहिजे? आणि उद्या पोरगं कॉलेजला गेलं, त्याला कळलं की उपग्रह थांबत नाही, मग ते काय म्हणेल? म्हणेल आजीनं सांगितलेलं सगळंच खोटं. तिथं आजीची भक्तीही जाते, उपग्रहासोबत.

ह्याबाबतीत मला जॉर्ज लमेत्र फार मोठा माणूस वाटतो. बेल्जियमचा कॅथलिक पाद्री आणि भौतिकशास्त्रज्ञ, विश्व प्रसरण पावतंय हे त्यानं १९२७ मध्ये मांडलं आणि सगळं एका अतिसूक्ष्म सुरुवातीपासून निघालं ही कल्पना १९३१ मध्ये, जिला पुढं बिग बँग म्हणायला लागले. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात असं सुचवलं की ह्या सिद्धांतानं सृष्टीच्या निर्मितीला जणू पुष्टीच मिळाली. लमेत्रला आनंद व्हायला पाहिजे होता की नाही? झाला नाही. त्याला काळजी वाटली. त्याचं म्हणणं होतं की हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नांच्या पूर्ण बाहेरचा आहे, मानणारा आणि न मानणारा दोघांनीही तो मोकळेपणानं तपासावा. त्यानं ते पोपच्या सल्लागारांपर्यंत पोचवलं, आणि पोप पुढं तसं बोलले नाहीत. पाद्री असून स्वतःच्या धर्मगुरूला सांगणं की माझ्या विज्ञानाचा टेकू घेऊ नका, ह्याला धाडस लागतंय आणि श्रद्धाही पक्की लागते.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला ते मोठ्या माणसांना आठवत असेल, देशभर रांगा लागल्या होत्या. पोरांना करून दाखवायला हे सोपं आहे. चमचा काठोकाठ भरा, मूर्तीच्या सोंडेला दुधाचा वरचा फुगीर भाग नुसता टेकवा आणि चमचा किंचित तिरका करा. पृष्ठताणामुळं दूध मूर्तीकडं ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली वाहतं, पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही. दुधात कुंकू किंवा खायचा रंग घातला की ओघळ स्वच्छ दिसतो, तेव्हा दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनी रंग घालूनच दाखवलं होतं. मी हा प्रयोग देवघरातल्या मूर्तीवर करत नाही, मातीचा छोटा हत्ती आणते. घरातल्यांचं मन दुखावून शिकवलेलं विज्ञान पोरांच्या लक्षात राहत नाही, भांडण तेवढं राहतं.

जिथं तडजोड करायची नाही

आतापर्यंत मी सबुरीचं बोलत होते. आजारपण, बाळंतीण, साप-विंचू आणि दुसऱ्या माणसाची अब्रू, इथं सबुरी नाही.

साप चावला तर मंदिर, भगत, मंत्र, काही नाही, थेट दवाखाना. १०८ ला फोन, गाडी लवकर मिळत असेल तर गाडी, आणि सिव्हिल किंवा ज्या सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरची लस आहे तिथं. चावलेली जागा कापायची नाही, चोखायची नाही, दोरीनं करकचून बांधायची नाही, हात-पाय हलवू न देता माणसाला निजवून न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांच्या विषावर एकच लस चालते म्हणून साप मारून सोबत न्यायचीही गरज नाही, त्यात वेळ जातो आणि दुसऱ्याला चावतो.

घरातलं मोठं माणूस म्हणालं आधी देवळात नेऊ, तर वाद घालत उभं राहू नका. मी सांगते ते वाक्य वापरा: "अव्वा, तुम्ही देवापाशी बसून ह्याच्यासाठी मागा, आम्ही गाडी काढतो." त्यांना काम मिळतं आणि तुम्हाला वेळ. कोणी तरीही अडवलंच तर कायदा सांगा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप, विंचू चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं जीव ओतला आणि ज्यांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, तो हा कायदा. लोक उगाच घाबरतात की ह्यानं देवधर्म बंद होईल. त्याच कायद्यात लिहिलंय की प्रदक्षिणा, यात्रा, भजन, कीर्तन, प्रवचन ह्यांना तो लागत नाही. नुकसान करणारं कुठलं आणि न करणारं कुठलं ही रेघ कायद्यानंच मारून दिलीय, ती घरातही तिथंच मारा.

भानामती, करणी, अंगात येणं ह्याच्या नावाखाली एखाद्या बाईला दोष द्यायला लागले तर तिथंही आवाज उठवायचा, ती आपल्या घरातली असो नसो. आणि सतत आवाज ऐकू येतात, झोप नाही, एकटंच बडबडतंय असं कोणाचं असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरकडं न्यायचं, देवळात जायचं तर जाऊन या, पण गोळ्या बंद करायच्या नाहीत.

वारीचं पाणी हाही असाच विषय. चंद्रभागेचं तीर्थ डोळ्याला लावणं वेगळं आणि पिणं वेगळं, जुन्या काळात पंढरपूरच्या यात्रेत पटकीच्या साथी पसरायच्या, माणसं पटापट जायची. घरून निघताना क्लोरिनच्या गोळ्या द्या. टँकरच्या पाण्यात टीसीएल (क्लोरिनची पावडर) पडलंय का हे बघायला आरोग्य खात्याची माणसं ओटी टेस्ट करतात, नळीतल्या पाण्यात थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरिन आहे. वारकऱ्यांना दाखवलं की ते आवडीनं बघतात, आणि मग पिवळं झालेलं पाणीच मागतात.

पोरानं विचारलं "देव आहे का" तर

टाळू नका आणि रागावू नका. मी सांगते की मी मानते, तुझ्या वर्गातल्या काहींच्या घरी वेगळं मानतात, काही जण मानत नाहीत, तू मोठी झालीस की तुझं तू ठरव. आमच्या वर्गात पूर्व भागातली तेलुगू बोलणारी पोरं आहेत, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला जाणारी, लिंगायत आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, आणि गुरुत्वाकर्षणाचं गणित सगळ्यांचं सारखंच येतं, चुकतं तेही सारखंच.

मोठ्या पोरांना मी १९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल सांगते. अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाईनबर्ग, सोबत शेल्डन ग्लॅशो. सलाम पक्के श्रद्धाळू मुसलमान, वाईनबर्ग उघड नास्तिक. दोघं वेगवेगळे काम करत होते आणि विद्युतचुंबकीय बल आणि अणूच्या आतलं क्षीण बल मुळात एकच आहेत ह्या एकाच सिद्धांतावर पोचले. सलामांना त्यात देवाची रचना दिसली, वाईनबर्गना नाही दिसली, समीकरण मात्र तेच.

ज्यांना विज्ञानाची ओढ आहे आणि देव पटत नाही त्यांच्यासाठी एक विनंती. घरच्या पूजेत तोंड वाकडं करून बसू नका. प्रसाद घ्यायचा तर घ्या, नसेल घ्यायचा तर नम्रपणे नको म्हणा. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये कर्तव्य म्हणून लिहिलंय, आणि त्याच ओळीत मानवतावादही लिहिलाय, दोन्ही सोबत. आणि श्रद्धाळू लोकांना माझी विनंती अशी की घरात न मानणारं कोणी असेल तर त्याला पापी म्हणू नका, आजारपणात तोच रात्रभर दवाखान्यात बसलेला असतो.

आता तयारीला लागा: २ ऑगस्ट २०२७

ह्या दिवशी सूर्यग्रहण आहे. इजिप्तकडं खग्रास, आपल्याकडं दुपारनंतर खंडग्रास. सोमवार आणि आषाढ अमावस्या, म्हणजे सोमवती, आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो, त्यामुळं घराघरात वेध, सूतक, काय खायचं काय नाही ह्यावर बोलणं होणारच. आत्तापासून ठरवलं तर त्या दिवशी भांडण होणार नाही.

ज्यांना उपवास धरायचा, स्नान करायचं, जपाला बसायचं त्यांना बसू द्या. पण गरोदर बाईला उपाशी, तहानलेली, एका जागी न हलता बसवायचं नाही. चंद्राची सावली पडते, बाकी काही होत नाही, बाळाला त्यानं व्यंग येत नाही, पाणी न पिल्यानं मात्र आईला त्रास होतो. जावेला किंवा सुनेला तिच्या डॉक्टरांकडं आधीच्याच तपासणीला सासूबाईंना सोबत घेऊन जा आणि हा प्रश्न त्यांच्यासमोर विचारा, डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की पुढं काही बोलावं लागत नाही. शुगरच्या माणसांचंही तसंच, गोळी आणि जेवण वेळेवर.

बघायचं असेल तर आयएसओ १२३१२-२ लिहिलेले ग्रहणाचे चष्मे आणा, ओरखडे पडलेले वापरू नका, वेल्डिंगची काच १४ नंबरची चालते. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, पाण्यातलं प्रतिबिंब ह्यातलं काहीच नको, डोळ्याचा पडदा जळताना दुखत नाही म्हणून कळत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडा, सूर्याकडं पाठ करा आणि खाली पांढऱ्या कागदावर पडणारी कोर बघा. चाळण धरली की शेकडो कोरी दिसतात. झाडाखालीही दिसतात, पानांच्या फटीतून.

पोरांना त्या दिवशी हेही सांगा की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला विजापूरच्या पलीकडं जमखंडीत लेफ्टनंट हर्शेल दुर्बीण आणि वर्णपटाचं यंत्र लावून बसले होते आणि तिकडं गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन. सूर्याच्या कडेच्या ज्वाळा म्हणजे तापलेला वायू आहे हे त्या दिवशी कळलं, आणि त्याच वर्षी सूर्याच्या प्रकाशात जी पिवळी रेघ सापडली तिच्यावरून हेलियमचा शोध लागला, पृथ्वीवर सापडायच्या आधी. जमखंडी आपल्यापासून गाडीनं तीन-चार तासांवर आहे.

ऑगस्ट आहे, ढग असू शकतात, तेव्हा चष्मे आणि पुठ्ठा तयार ठेवा आणि चारच्या आधी गच्चीवर जा, फट मिळाली तर दोन-तीन मिनिटंही पुरतात. ज्यांना ग्रहण सुटल्यावर आंघोळ करायची त्यांच्यासाठी बंबात पाणी आधीच तापत ठेवा.